पाण्याची खोड

तांडापेठेतली अनुसया निमजे लग्न होऊन आली त्याला तीस वर्षं झाली, आणि या तीस वर्षांत ती भैयाजींशी एक शब्दही सरळ बोलली नव्हती. भांडण होतं म्हणून नाही. रीतच तशी. भैयाजी म्हणजे तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ, तिचे भासरे. भासऱ्यासमोर धाकट्या सुनेनं डोक्यावर पदर घ्यायचा, दाराआड उभं राहायचं, आणि काही सांगायचंच झालं तर तिसऱ्या माणसाकडे तोंड करून सांगायचं. हे तिसरं माणूस म्हणजे रुख्मिणीबाई, भैयाजींची बायको. आता जग कुठल्या कुठं गेलं, त्याच गल्लीतल्या सुना सासऱ्याला व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंग पाठवतात; पण निमज्यांच्या घरात ही रीत मोडायचं कोणाला सुचलं नाही ते नाहीच.

भैयाजी ओट्यावरून म्हणायचे, "तिले सांग, टाकीचं झाकन उघडं राह्यलं." अनुसया दोन हातांवर उभी असायची. तिला ऐकू येत नव्हतं असं थोडंच? तरी रुख्मिणीबाई मान वळवून म्हणायच्या, "अनुसये, टाकीचं झाकन उघडं राह्यलं म्हन्ते." मग अनुसया म्हणायची, "त्यायले सांगा जी, लावते आता." असा सगळा कारभार. त्यातही रुख्मिणीबाई निरोप नुसता नेत नसत, गाळून नेत. भैयाजी म्हणाले, "अक्कल गहाण ठेवली का तिनं," तर इकडे यायचं, "ते म्हन्ते, जरा ध्यान ठेव." अनुसया पुटपुटली, "डोस्क्यावर पडले का ते," तर तिकडे जायचं, "ती म्हन्ते, थोडं थांबा." मूळ शब्द दोघांच्याही कानावर पडलेले असायचे, आणि दोघंही गाळलेल्यावर भागवून घ्यायचे. घर टिकलं ते या बाईच्या जिवावर, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

अनुसया मूळची उमरेडची. बाप विणकर, सासरा विणकर, नवरा विणकर. तिनं स्वतः या घरात पंधरा वर्षं लुगड्यांचे काठ विणले. घराच्या मागच्या अंगाला मागाची खोली होती, जाड भिंतींची, लांबोडकी, एकाच खिडकीची. जमिनीत कमरेइतका खोल खड्डा. विणणाऱ्यानं खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि पायानं खालच्या पट्ट्या दाबत वर धोटा फेकायचा. पुढे हातमागाची लुगडी नेसणाऱ्या बायकाच उरल्या नाहीत, माग थांबला. तीन वर्षांनी नवराही गेला. माग मोडून त्याचं लाकूड कोणी कोणी नेलं, खड्डा तेवढा राहिला. खड्डा कोण नेणार?

लॉकडाऊनमध्ये तिचा मुलगा पंकज घरी बसला होता. मोबाइलवर पाहून पाहून त्यानं त्या खोलीत पांढरे पाइप आडवे लावले, पाइपांना भोकं पाडली, वर दिवे टांगले, आणि मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर पालक काढून दाखवला. दोनशे लिटरचा निळा ड्रम त्यानं मागाच्या खड्ड्यात उतरवला, कारण तिथं पाणी गार राहायचं. ड्रममध्ये पाण्यात खत मिसळायचं, छोट्या मोटरनं ते पाइपांत चढवायचं, मुळांना भिजवत भिजवत ते पुन्हा ड्रममध्ये पडायचं. मग पंकजला पुण्यात नोकरी लागली. जाताना म्हणाला, "आई, हे सारं भंगारवाल्याले देऊन टाकजो." भंगारवाला आला, तर अनुसयेनं त्याला दारातूनच वाटेला लावलं.

"देऊन टाक म्हन्ते," ती शेजारच्या वच्छलाला म्हणाली. "काहून देऊ वं? माग गेला तेव्हा कोनी मले विचारलं नाही. हे तं माह्या हातानं चालू हाय नं."

पंकज तिच्यासाठी एक पेन ठेवून गेला होता. लिहायचं नाही, पाण्यात बुडवायचं. बुडवलं की पाणी किती आंबट, किती खारं, त्याचा आकडा दाखवायचं. सात म्हणजे मधोमध, खाली गेलं की आंबट, वर गेलं की खारं. पालकाला साडेपाच ते साडेसहाच्या मधलं पाणी लागतं. आकडा त्याच्या फार वर गेला की पाण्यात खत असूनही रोपाला ते उचलता येत नाही. ताट वाढलेलं, पण तोंड उघडत नाही. अनुसया आठवी पास. पण सूत रंगवणाऱ्या घरातल्या बाईला पाण्याची ओळख करून द्यावी लागत नाही. एका महिन्यात ती पेन न बुडवता, नुसतं पान पाहून सांगायला लागली की आज पाणी कुठं बिघडलं. तीन वर्षांत रामदासपेठेतल्या सात-आठ घरांत आणि एका दवाखान्याच्या कँटीनमध्ये तिचा पालक, तिची कोथिंबीर आणि तो इंग्रजी सलादाचा पाला जायला लागला.

एवढं सगळं होऊनही खोलीची किल्ली मात्र तिच्याकडे नव्हती. मागाच्या खोलीची किल्ली घरातल्या थोरल्याच्या कमरेला, ही सासऱ्यांपासूनची पद्धत. रोज सकाळी रुख्मिणीबाई ती भैयाजींच्या करदोट्यातून सोडवून आणून द्यायच्या, रोज संध्याकाळी परत न्यायच्या. खोलीत घाम गाळायचा अनुसयेनं, आणि कुलूप उघडायला सुद्धा परवानगी दुसऱ्याची. याचा तिला राग यायचा का? यायचा तर काय! पण गाळलेल्या घरात राग सुद्धा गाळूनच बाहेर पडतो.

यंदा महाशिवरात्रीला भैयाजींनी ओट्यावर बसून जाहीर केलं. लकडगंजातल्या एका लाकडाच्या शेठला प्लायवुड ठेवायला गोडाऊन पाहिजे, आणि त्याला शब्द दिला आहे.

"तिले सांग," भैयाजी म्हणाले, "खोली खाली करायची हाय. खड्डा बुजवून वर कोबा टाकू म्हन्ते शेठ."

दाराआड अनुसयेच्या हातातला उपासाच्या साबुदाण्याचा डबा तसाच राहिला. खोली खाली करा, हे एक वेळ ठीक. पण खड्डा बुजवायचा? तिच्या नवऱ्याची टाच घासून घासून जी कड गुळगुळीत झाली होती, ती रेतीनं भरायची?

"त्यायले सांगा," तिचा आवाज चढला, "पंधरा वर्षं त्या खड्ड्यात माहे पाय सुजले. शेठचे नाही सुजले."

"ती म्हन्ते, खोली तिले लागते," रुख्मिणीबाईंनी गाळलं.

"लागते कायले? पाइपात पाला उगवाले?" भैयाजी हसले. "हिवाळाभर उगवला, मान्य. उन्हाळा येऊ दे नं. एप्रिल-मेच्या तपनीत या नागपुरात वावरातला पालक जळते, हिचा पाइपातला टिकन? सांग तिले, अक्षय तृतीयेच्या दिवशी पितराच्या पानावर या खोलीतली भाजी वाढून दाखव म्हना. वाढली तं खोली तिची, किल्लीसकट. नाही वाढली तं दुसऱ्या दिवशी शेठचा टेम्पो दारात."

भैयाजी मूर्ख नव्हते. आधीच्या तीन उन्हाळ्यांत मार्च संपता संपता अनुसया पाइप धुऊन ठेवायची आणि जूनपर्यंत खोली बंद राहायची, हे त्यांनी पाहिलं होतं. अशक्य वाटेल अशीच तारीख त्यांनी निवडली होती, आणि वर न्यायाची भाषा.

"कबूल!" अनुसया इतक्या जोरात म्हणाली की रुख्मिणीबाईंना गाळायला काही उरलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं बी टाकलं. खोलीत कूलर लावला, खिडकीला खसचे ताटे बांधले. उन्हाशी लढायची तयारी पक्की झाली. पण झालं काय, ऊन राहिलं बाजूला आणि पाणीच उलटलं. होळीच्या आधीच नळ आटला. एक दिवसाआड पाऊण तास, तोही बारीक धारेनं. तेवढ्यात घरातलं पिणं-रांधणं कसंबसं व्हायचं. ड्रम भरायला मग गल्लीच्या बोअरवेलशिवाय इलाज नव्हता. आणि तो बोअर म्हणजे! डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि यंदा पाण्याची पातळी खाली गेलेली, त्यामुळे मातकट गढूळ.

गढूळ पाणी पाहिल्यावर विणकराच्या घरातल्या बाईचा हात कुठं जातो? तुरटीकडे. अनुसयेनं तुरटीचा मोठा खडा घेतला आणि ड्रममध्ये चांगला दहा-बारा वेळा फिरवला. तासाभरात पाणी काचेसारखं. वर कौतुक असं की पेन बुडवलं तर आकडा सहाच्या जरा वर. तुरटी आंबट असते, तिनं खारेपणाही मारला. एका दगडात दोन कामं झाली म्हणून अनुसयेनं त्या दिवशी वच्छलाला बोलावून चहा पाजला. रोज पाणी वाढवायचं, रोज तुरटी फिरवायची, असं तीन आठवडे चाललं.

तीन आठवड्यांनी रोपं होती तेवढीच होती. पानं जांभळट, मलूल. पेन रोज सांगत होतं, सारं ठीक हाय. एक एप्रिलला अनुसयेनं एक रोप भोकातून वर उचललं, आणि मट्कन खालीच बसली. मुळं बोटाच्या पेराएवढी, आखूड, जाड, तपकिरी. पांढऱ्या लांब मुळांची दाढी लोंबायला पाहिजे तिथं नुसती खुंटं.

तिनं पंकजला फोन लावला. "अवं आई, तुरटी?" तो तिकडून ओरडला. "तुरटी कोन टाकते झाडाले?"

अनुसयेनं पुढचं ऐकलंच नाही. तिला तिचं तिलाच कळलं होतं. तुरटीचं काम काय? सुतात तुरटी मुरवतात ती रंगानं सुताला धरावं म्हणून. तिचा धर्मच धरून बसायचा. सुताला धरते, तर मुळाला सोडेल? आयुष्यभर जे हाताला सवयीचं होतं, त्यानंच घात केला. दुसऱ्या कोणाच्या हातून ही चूक झाली नसती. त्यांना तुरटी सुचलीच नसती.

"अनुसये," रुख्मिणीबाई दारात येऊन हळूच म्हणाल्या, "ते विचारते, शेठले निरोप देऊ का म्हन्ते."

"त्यायले सांगा," अनुसया उठली, रोपं उपटून टोपल्यात भरायला लागली, "अक्षय तृतीया दहा मेले हाय. कॅलेंडर वाचता येते नं म्हना त्यायले?"

रुख्मिणीबाई ओट्यावर गेल्या आणि म्हणाल्या, "ती म्हन्ते, अजून टाइम हाय."

त्याच दुपारी दुसरं बी पडलं. एकोणचाळीस दिवस हातात. पालक तीस-पस्तीस दिवसांत काढणीला येतो, म्हणजे तिसऱ्या बियाण्याला वेळ नाही. पुन्हा चुकलं की संपलं. तुरटीचा डबा तिनं देवघराच्या वरच्या फळीवर ठेवून दिला. बोअरचं पाणी आता कापडातून गाळून, रात्रभर निवळू देऊन घ्यायचं आणि पंकजनं सांगितलेलं ॲसिड थेंबाथेंबानं टाकायचं, असं ठरवलं.

सकाळी ॲसिड टाकलं की पेन म्हणायचं पाच पॉइंट आठ. संध्याकाळी सहा सात. दुसऱ्या दिवशी सकाळी सात सहा! पुन्हा ॲसिड, पुन्हा खाली, पुन्हा वर. रडक्या पोराला झोपवावं आणि पाठ वळली की त्यानं उठून बसावं, तसं. बाटली संपत आली, पाणी काही ऐकेना. दहाव्या दिवशी कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडायला लागला. पाण्यात लोह होतं, तिनं स्वतः मोजून टाकलं होतं. पण पाणी खारं होतं म्हणून रोपाला ते घेता येत नव्हतं.

"आई, आरओ लाव," पंकज फोनवर म्हणाला. "मी इकडून ऑर्डर करतो. बोअरच्या पान्यातला चुना जाईन सारा."

"आनि पानी किती फेकते थे?"

"एक बादली चांगलं निंगालं तं तीन बादल्या जाते."

"जाते म्हंजे?"

"गटारात, आई."

"डोकं ठिकाणावर हाय का तुह्यं?" अनुसया कडाडली. "इथं बाया पहाटपासून गुंड-कळशांची लाइन लावून राहिल्या, एका घागरीसाठी एकमेकीच्या झिंज्या ओढून राहिल्या, आनि मी तीन बादल्या गटारात ओतू? वच्छला मले फाडून खाईन. आनि बरोबर करन!" तिनं फोनच ठेवून दिला.

फोन ठेवला आणि रागारागात चहा टाकायला गेली. चहाचं भांडं घासता घासता तिचा हात थांबला. भांड्याच्या तळाला पांढरी पापडी धरली होती. रोजच धरते, रोजच ती काथ्यानं खरवडून टाकते. त्या दिवशी तिनं ती नखानं खरवडली आणि हातावर घेऊन पाहत बसली. चुना. बोअरचं पाणी उकळलं की हा खाली बसतो. मग वरच्या पाण्यात किती राहत असेल?

आणि तिला सासरे आठवले. ती नवी नवरी असताना सासरे अंगणात चुलीवर जर्मनचा मोठा गंज चढवायचे, हे एवढं पोटाचं पातेलं, आणि काठाचं सूत लाल रंगवायच्या आदल्या दिवशी नुसतं पाणी उकळायचे. नुसतं पाणी! ना रंग, ना सूत. ती दाराआडून पाहायची आणि तिला हसू यायचं. एकदा सासऱ्यांनी ते हसू पाहिलं. "हसून राहिली का पोरी? बोअरच्या पान्याले खोड असते. त्याची खोड मोडल्याशिवाय माहा लाल काही लाल होत नाही." उकळलेलं पाणी ते रात्रभर तसंच ठेवायचे आणि सकाळी वरचं वर काढून घ्यायचे.

माळ्यावरून गंज काढायला तिला वच्छलाची मदत लागली. दुसऱ्या दिवशी उजाडताना अंगणात चूल पेटली. लकडगंजातून लाकडाच्या चिपट्यांची दोन पोती आणली होती, त्याच शेठच्या आरागिरणीतून, आणि कशासाठी हे तिनं तिथं चक्क सांगितलं होतं. त्र्याऐंशी टक्के गल्लीनं त्या दिवशी तिला वेडी ठरवलं. उरलेले बाहेरगावी होते. एप्रिलचा मध्य, सकाळी आठलाच अंग भाजून निघतं, लोक माठात वाळा टाकून बसलेत, आणि ही बाई जाळासमोर उभी राहून पाणी उकळतेय!

"अनुसयाबाई, आंघोळीले का?" समोरच्या घरातून कोणीतरी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "तुह्याच. ये."

उकळलं, निवलं, सकाळी वरचं पाणी तांब्यातांब्यानं काढून घेतलं. तळाला पांढरा थर. पेन बुडवलं. आठ आठ! उकळायच्या आधी आठ तीन होतं.

"वाढलं की वं आई," पंकज फोनवर म्हणाला.

"वाढू दे. तोंड फुगवलं त्यानं, आता जोर पाहते किती हाय ते." तिनं ॲसिडचे थेंब सोडायला सुरुवात केली. आधी जिथं बुचभर लागायचं, तिथं चार-पाच थेंबांत आकडा सहावर आला. संध्याकाळी सहा. दुसऱ्या दिवशी सकाळी ती किल्ली यायची वाट पाहत खोलीच्या दारात उभी राहिली. कुलूप उघडून पेन बुडवलं. सहा एक. तिनं पेन पुसलं, पुन्हा बुडवलं. सहा एक. मग तिनं खड्ड्याच्या कडेवर बसून मनसोक्त शिव्या दिल्या, पाण्याला, शेठला, उन्हाळ्याला, आणि आणखी एकाला ज्याचं नाव तिनं घेतलं नाही.

ड्रममधलं सगळं पाणी तिनं बदललं, जुनं मागच्या लिंबाच्या बुंध्याला घातलं. त्यानंतर रोज उजाडताना चाळीस लिटर उकळायचं. उकळलेलं माठांत भरून ओल्या पोत्याखाली गार करायचं, मग ड्रममध्ये. हात पोळले, भुवया जळल्या. अंगणात ऊन, जाळ आणि धूर असे तिन्ही एकदम. कूलरच्या वाऱ्यात तिची साडी कधी वाळत होती, कधी घामानं भिजत होती, पण पाचव्या दिवशी नवी पानं हिरवी निघाली. पिवळं कुठंच नाही.

भैयाजी ओट्यावर पेपर घेऊन बसायचे आणि पेपर वाचायचे नाहीत. सहाव्या दिवशी अनुसया गंजातून पाणी काढत होती, घाईत तांब्या जरा खोल गेला.

"तिले सांग," भैयाजींच्या तोंडून निघून गेलं, "वरचं वर काढ म्हना, तळ ढवळू नको."

रुख्मिणीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. भैयाजींनी झटकन पेपर वर केला. त्यांचा बाप पाणी उकळायचा तेव्हा जाळ घालायला हेच बसायचे, हे रुख्मिणीबाईंना ठाऊक होतं, अनुसयेलाही.

"अनुसये, वरचं वर काढ म्हन्ते, तळ ढवळू नको," रुख्मिणीबाईंनी या वेळी काही न गाळता सांगितलं.

"त्यायले सांगा, मले माहीत हाय," अनुसया म्हणाली. पण तांब्या वर घेतला.

मे लागला. पारा पंचेचाळीसला टेकला. भाजीबाजारात पालकाच्या नावाखाली देठं विकली जात होती. नऊ तारखेला शेठचा माणूस टेप घेऊन खोली मोजायला आला, तेव्हा अनुसयेनं त्याला उंबऱ्यावरच अडवलं. "परवा ये," ती म्हणाली. "आला तं." त्यानं तिच्या खांद्यावरून आत डोकावलं आणि पाहतच राहिला. पाइपांवर तळहाताएवढी हिरवी गार पानं, एका रांगेत, कूलरच्या वाऱ्यात डुलत होती.

अक्षय तृतीयेला सकाळीच घागर मांडली. नवी मातीची घागर, त्यात पाणी, वाळा, वर आंबा. आजच्या दिवशी पितर तहानलेले येतात आणि या पाण्यानं तृप्त होतात, अशी श्रद्धा. भैयाजींनी पाटावर बसून पूजा केली. रुख्मिणीबाईंनी पुरण घातलं होतं, चिंचवणी केली होती. आणि अनुसयेनं केली होती आदल्या संध्याकाळी खुडलेल्या पालकाची पातळ भाजी, लसणाची फोडणी न देता, कारण पान पितराचं. पत्रावळी मांडली, पुरणपोळी, भात, कुरडई वाढून झाली. अनुसयेनं भाजीचं भांडं दारातून रुख्मिणीबाईंच्या हातात दिलं.

"थांब," भैयाजी म्हणाले.

सगळे थांबले.

"तिले सांग, भाजी छान हाय. मेहनत केली, मान्य. पन मातीत न उगवलेलं पितराले चालत नाही. जमिनीचं पाह्यजे. हे पाइपातलं."

दाराआड अनुसयेच्या कानशिलात रक्त चढलं. अठ्ठावीस दिवस जाळासमोर उभं राहून तिनं उकळलं ते पाणी, आणि शेवटच्या घडीला हा माणूस मातीचं काढतो! ही अट महाशिवरात्रीला नव्हती. आत्ता, ताटावर सुचली.

"जाऊबाई," ती म्हणाली, "त्यायले सांगा..."

रुख्मिणीबाईंनी भांडं खाली ठेवलं. पदरानं घाम पुसला.

"मी नाही सांगत," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं याचं त्याले, त्याचं याले. घसा सुकला माहा. आता तुह्यं तूच सांग."

भैयाजी बायकोकडे पाहत राहिले. अनुसया दाराबाहेर आली. डोक्यावरचा पदर तिनं काढला नाही, आणि घसरला तो सावरलाही नाही. भैयाजींच्या समोर ती उभी राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की या माणसाला काय म्हणून हाक मारायची हेच आपल्याला ठाऊक नाही. कधी मारलीच नव्हती. मग सारी गल्ली म्हणते तेच ती म्हणाली.

"भैयाजी, आता जे घागर पुजली, त्याच्यात माती हाय का पानी?"

भैयाजींनी घागरीकडे पाहिलं.

"पानीच हाय नं? पितर आज पान्यासाठी येते. मंग पान्यावरची भाजी त्यायले काहून नाही चालत? आनि हे पानी असंतसं नाही. मामाजीनं काठाच्या सुतासाठी जसं उकळलं, तसंच मी उकळलं, त्यायच्याच गंजात. जाळ घालाले तेव्हा तुम्हीच बसत होता. तळ ढवळू नको, हे तुम्हीच मले मांगच्या महिन्यात सांगतलं. तुम्हाले सांगतलं कोनं? मामाजीनंच नं? मंग या पानावर त्यायले चालन का नाही चालन, छातीवर हात ठेवून सांगा. चालत नाही म्हना, मी आत्ता पाइप उपटते."

भैयाजींची नजर पत्रावळीवर होती. तिथून ती भाजीच्या भांड्याकडे गेली, तिथून दारातून दिसणाऱ्या अंगणातल्या गंजाकडे. गंजाला आतून पांढरा थर होता, तसाच जसा त्यांच्या लहानपणी असायचा आणि बाप तो खरवडायला त्यांच्याकडे द्यायचा. चिंचवणीवर माशी बसली, ती त्यांनीच हातानं उडवली.

"वाढ," ते म्हणाले. रुख्मिणीबाईंना नाही. अनुसयेला.

अनुसयेनं पितराच्या पानावर दोन पळ्या भाजी वाढली. हात जोडले. भैयाजींनी पानाभोवती पाणी फिरवलं. मग रुख्मिणीबाईंनी भैयाजींचं पान मांडलं, पोळी वाढली, तूप वाढलं. भैयाजींनी भाजीच्या जागी बोट ठेवलं.

अनुसयेनं पळी भांड्यात बुडवली, भरून वर काढली, आणि तशीच धरून ठेवली.

"आधी किल्ली," ती म्हणाली.

रुख्मिणीबाई तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळल्या. भैयाजींचे कान लाल झाले. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ते गाळून न्यायला आता कोणी नव्हतं. मग त्यांनी धोतराच्या निऱ्यांतून करदोट्याची गाठ शोधली. गाठ रोज रुख्मिणीबाई सोडायच्या, त्यांच्या हाताला ती सुटायला वेळ लागला. अनुसया पळी धरून उभी राहिली. किल्ली सुटली, भैयाजींनी ती पत्रावळीच्या शेजारी जमिनीवर ठेवली.

अनुसयेनं ती उचलली, कमरेला खोचली, आणि पळी त्यांच्या पानावर रिकामी केली.

"मीठ पाहा," ती म्हणाली. "कमी हाय का?"

"नाही," भैयाजी म्हणाले. "बरोबर हाय."